अल कूझमधली बर्फातली तोफगाडी

“हे हातानं काढलेलं नाही. पैज लाव.”

आवाज माझ्या पाठीमागून आला, आणि तोही मराठीत. मी मागे वळून पाहिलं नाही. हातात करकचा, इकडच्या कडक दुधाच्या चहाचा, कागदी कप होता. चहा नको इतका गरम होता, तरी मी त्याचा घोट घेतला.

“तुम्हाला सगळंच खोटं वाटतं,” एका बाईंचा आवाज आला. “परवा माझी भाकरीसुद्धा विकतची वाटली होती.”

“भाकरीचं राहू दे गं. इकडे बघ. कमांडर डोकं बाहेर काढतो तो हा गोल उंचवटा, कपोला. या जर्मन तोफगाडीचा, स्टुगचा, कपोला डाव्या हाताला असतो. इथे उजव्या हाताला आहे. माणूस ही चूक करणार नाही. ज्याला ही गाडी काढायची हौस आहे तो तर नाहीच नाही. हे एआयचं काम.”

ते दोघं पुढच्या टेबलाकडे गेले तेव्हा मी पाहिलं. गृहस्थांच्या पांढऱ्या शर्टावर परीक्षकाचा बिल्ला होता. बाईंच्या खांद्यावर मोठी कापडी पिशवी होती, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखी. आणि मी ज्या चित्रासमोर उभी होते ते माझं होतं.

दुबईत अल कूझ नावाचा गोदामांचा भाग आहे. एका बाजूला गाड्यांची गॅरेजं, दुसऱ्या बाजूला तशाच पत्र्याच्या शेडमध्ये चित्रांची दालनं. बाहेर वेल्डिंगचा वास येतो आणि आत कॉफीचा. त्यातल्याच एका शेडमध्ये युद्धाची छोटी मॉडेलं बनवणाऱ्या हौशी लोकांचं प्रदर्शन भरलं होतं. हातभर लांबीची जहाजं होती, तळहातावर मावणारे रणगाडे होते, नखाएवढे सैनिक होते आणि भिंतींवर युद्धाची चित्रं. माझं चित्र दाराजवळच लावलं होतं, जमिनीपासून माझ्या डोक्याच्या वरपर्यंत मोठं करून. उजव्या बाजूला अरबी मजकूर, डाव्या बाजूला बर्फातून निघालेली जर्मन तोफगाडी. खाली पट्टी होती, अरबीत आणि इंग्रजीत. इंग्रजीतलं नाव होतं ‘द असॉल्ट’. म्हणजे हल्ला.

खरं सांगायचं तर सकाळी आत पाऊल टाकल्याबरोबर मी दारातच थांबले होते. स्वतःचा फोटो आणि आरशातला स्वतःचा चेहरा यांत जो फरक असतो तसंच काहीतरी. चित्र माझंच होतं, पण उलटं. मी तोफगाडी डावीकडे जाणारी काढली होती. इथे ती उजवीकडे निघाली होती. त्यामुळे कपोलाही दुसऱ्या बाजूला गेला होता. गाडीवरच्या काळ्या-पांढऱ्या क्रॉसला डावं-उजवं नसतं. गाडीचा नंबर मी चिखलाखाली झाकला होता. आणि मी चित्रावर सही करत नाही. त्यामुळे चित्र उलटं आहे हे कळायला कोणालाच काही आधार नव्हता, माझ्याशिवाय.

मी कोणाला काही बोलले नाही. मामा इतका खुश होता. तो प्रत्येकाला हाताला धरून आणत होता आणि सांगत होता, “ये मेरी भांजी ने बनाया है. नाशिक से आई है.” मी मान हलवून हसत होते.

अल मजाज, शारजा

हे सगळं सुरू झालं ते दोन दिवस आधी, मामाच्या घरी. शिरीषमामा जेबेल अलीच्या एका कंपनीत मालवाहतुकीचं काम बघतो आणि शारजात अल मजाजला राहतो. घराच्या खिडकीतून खालिद लगून नावाचं खाडीचं पाणी दिसतं. संध्याकाळी त्याच्या काठानं अर्धा भारत चालायला निघतो. मामाच्या रोजच्या आयुष्यातला मोठा भाग दुबई-शारजा रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये जातो. उरलेला भाग तो स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत घालवतो. लोक त्या खोलीत तांदूळ आणि इस्त्रीचं टेबल ठेवतात. मामाच्या खोलीत दुसरं महायुद्ध आहे.

मी पोचले त्या दिवशी त्यानं मला बॅग ठेवू दिली आणि सरळ तिथे नेलं. टेबलावर एक तोफगाडी अर्धी रंगवलेली होती.

“चिखल कसला आहे सांग,” तो म्हणाला.

मी वाकून बघितलं. सुकलेला, भेगाळलेला, अगदी खरा चिखल.

“एसीच्या फिल्टरमधली धूळ!” मामाचा चेहरा उजळला. “शारजाची धूळ. इतकी बारीक पूड बाजारात मिळत नाही. आणि बर्फ म्हणजे खायचा सोडा.”

“म्हणूनच माझा ढोकळा फुगत नाही,” मामी बाहेरून म्हणाली. “सगळा सोडा रशियात जातो.”

आमच्या घरात युद्ध म्हणजे टीव्हीवरची बातमी. मामाकडे मात्र युद्ध जेवणाच्या वेळी ‘ये ना आता’ अशी हाक ऐकून बंद व्हायचं आणि जेवणानंतर पुन्हा सुरू व्हायचं. मला याचं हसू येत नाही, कारण मीही याच धंद्यात आहे. एका छोट्या कंपनीच्या मॉडेलच्या डब्यांवरची चित्रं मी काढते. खोक्यावर जी गर्जत येणारी, धूर सोडणारी गाडी असते, ती कोणीतरी काढलेली असते. त्यातल्या काही मी नाशिकला, आईच्या शिवणाच्या मशीनशेजारी बसून काढलेल्या आहेत, पोस्टर रंगांत.

खोक्यावरच्या चित्राचे नियम ठरलेले असतात. ते कोणी लिहून देत नाही, पण दोन-तीन चित्रं परत आली की कळतात. गाडी डावीकडून उजवीकडे जाते, कारण आपण तसं वाचतो आणि म्हणून ती पुढे चालल्यासारखी वाटते. तोफेच्या तोंडातून ज्वाळा निघत असतात. मेलेलं माणूस दिसत नाही. जळणारी गाडी फक्त शत्रूची असते आणि तीही लांब. आकाश केशरी असतं. जर्मन गाड्या सगळ्यात जास्त खपतात. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

मामेबहीण रेवानं ते पहिल्याच जेवणात विचारलं. रेवा शारजातच जन्मली, आता कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं.

“बट दे वर द बॅड गाईज, ना? यू पेंट देम सो नाइसली.”

“कंपनी सांगते ते काढते,” मी म्हणाले.

“दे सेड द सेम थिंग. ऑर्डर्स आर ऑर्डर्स,” रेवा म्हणाली आणि पापड मोडला. मामीनं तिला टेबलाखालून पाय मारला असावा, कारण ती एकदम “ओके, खलास, सॉरी” म्हणाली.

तो पापडाचा आवाज माझ्या डोक्यात राहिला.

स्टुगबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. रणगाड्याला वर फिरणारा मनोरा असतो. गाडी एकीकडे जात असली तरी तोफ मागे वळवता येते. स्टुगला असा मनोरा नसतो. तोफ गाडीच्या अंगातच बसवलेली. नेम बदलायचा तर अख्खी गाडी वळवावी लागते. हल्ला करताना ते चालून जातं, गाडी ठेंगणी असल्यामुळे लपतेही चांगली. पण परत निघाली की तिची पाठ शत्रूकडे असते आणि तिला मागे वळून बघता येत नाही.

हे मला एका डब्याचं चित्र काढताना कळलं आणि मग ते मला सोडेना. कंपनीचं काम संपल्यावर मी स्वतःसाठी एक चित्र काढलं. त्यात गाडी उजवीकडून डावीकडे चालली आहे. मागे, उजव्या टोकाला, गाव जळतंय. इंजिनवर गाठोडी बांधली आहेत, एक किटली लटकते आहे, तीन सैनिक पाय लोंबकळत ठेवून बसलेत आणि त्यांतला एक झोपलाय. एका अंगणात वाळत घातलेले कपडे आहेत. घरातली माणसं कुठेच नाहीत. कपडे बर्फानं कडक झालेत. कोणीही कोणावर गोळी झाडत नाही. ही गाडी हरून परत चालली आहे, एवढंच मला काढायचं होतं.

मामानं फोनवर “प्रदर्शनासाठी एखादं पाठव की गं” म्हटल्यावर मी तेच पाठवलं. फक्त फोटो. मूळ चित्र नाशिकला, गादीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यात आहे. चित्राचं नाव काय, असं आयोजकांनी मेलवर विचारलं होतं. मी ‘तुम्ही ठरवा’ असं लिहिलं. मला नाव द्यायला लाज वाटली.

मी पोचले त्या संध्याकाळी एक प्रकार घडला. मामा चिमट्यानं तोफगाडीच्या पुढच्या दिव्याचा पितळी पट्टा चिकटवत होता. तांदळाच्या दाण्याहून लहान. मला त्या धुळीनं शिंक आली आणि पट्टा गेला. आम्ही चौघंही फोनचे दिवे लावून गालिच्यावर ओणवे झालो. “मॉडेलवाल्यांचा खरा शत्रू रशिया नाही, कार्पेट आहे,” मामा म्हणाला. शेवटी तो पट्टा मामीच्या मोज्याला चिकटलेला सापडला. ती त्या मोज्यासकट देवापुढे दिवा लावून आली होती.

पुन्हा अल कूझ: हुदा

तर शनिवारी सकाळी त्या गोदामात मी माझ्याच चित्रासमोर उभी होते आणि ते माझं नाही असं परीक्षकांना वाटतंय हे मला कळलं होतं. परीक्षकांचं नाव कर्णिक. ते क्लबमधले सगळ्यात जुने सभासद आणि मामाला फार आदर असलेले. क्लबचा नियम साधा आहे: हातचं काम. माझ्या चित्राची हमी मामानं दिली होती.

मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल? राग नाही. कुतूहल. हे उलटं केलं कोणी, आणि का?

पोस्टरं करणारी मुलगी दाराशी टेबल टाकून बसली होती. नाव हुदा. घरचे इजिप्तचे, ती वाढली शारजात. तिच्याजवळ झातर लावलेल्या मनाकिशचा डबा होता. मी काही विचारायच्या आधीच तिनं एक तुकडा माझ्या हातात ठेवला. आपल्याकडे भाकरीवर तेल-तिखट घेतात तसंच, फक्त तिखटाच्या जागी सुकी हिरवी पानं आणि तीळ. चव आवडली. मग मी विचारलं, इंग्रजीत, इतक्या हळू की तिला दोनदा “सॉरी?” म्हणावं लागलं.

“ते चित्र तुझं?” ती उभीच राहिली. “हबीबती, बस. बस इथे.”

तिनं कागद घेतला आणि मला रेघा काढून दाखवल्या. अरबी उजवीकडून सुरू होतं. मजकूर उजवीकडे, चित्र डावीकडे. माझी गाडी डावीकडे तोंड करून होती, म्हणजे मजकुराला पाठ दाखवून. “पानाबाहेर निघून चालल्यासारखी. आमच्याकडे चित्रानं मजकुराकडे बघायचं असतं. मी रोज करते हे. साबणाची जाहिरात असो, शाळेची असो. मुलगी डावीकडे बघत असेल तर तिला उजवीकडे बघायला लावते. मुलीला काय फरक पडतो?”

“तोफगाडीला पडतो,” मी म्हणाले.

मी तिला कपोल्याचं सांगितलं. कर्णिकांचं बोलणं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. चित्रकारांच्या चित्राला हात लावायचा नाही, असं तिला आधीच एकदा बजावलं होतं म्हणे. या आयोजकांकडे ती नवीनच होती.

“मी सांगते त्यांना,” ती म्हणाली. “मीच सांगते. फक्त आजचा दिवस दे. उद्या, इन्शाल्ला.”

मी हो म्हटलं. मला तर बरंच वाटलं. दुसरं कोणी बोलणार असलं की मला नेहमीच बरं वाटतं.

मी निघताना तिनं सहज विचारलं, “तुझ्या मूळ चित्रात ती डावीकडे का जाते? तुमच्या बाजूनं ते परत जाणं झालं ना?”

“हो,” मी म्हणाले. “परतच.”

“आमच्या बाजूनं ते पुढे जाणं,” हुदा म्हणाली, आणि आम्ही दोघी त्या भिंतीएवढ्या पोस्टरकडे बघत बसलो. तिनं गाडीला मजकुराकडे बघायला लावलं होतं. त्या नादात माझी हरलेली गाडी, जे डावीकडून वाचतात त्यांच्यासाठी, चाल करून निघाली होती.

दुबई मरीना

संध्याकाळी जेवण कर्णिकांकडेच होतं. हे आधीच ठरलेलं. मला डोकं दुखतंय असं सांगावंसं वाटलं, पण मामी अबोली रंगाची साडी नेसली होती आणि रेवाला मरीनाच्या काठावर फोटो काढायचे होते.

इमारतीच्या लिफ्टमध्ये कानांना दडे बसले. वरून पाण्यावरच्या पांढऱ्या होड्या मामाच्या टेबलावरच्या वाटत होत्या. अल मजाजचं पाणी आणि हे पाणी एकाच समुद्राचं, पण तिथे लोक घरच्या चपला घालून येतात, इथे येत नाहीत.

कर्णिककाकांच्या हॉलची एक भिंत चित्रांनी भरली होती. सगळी युद्धाची, चौकटीत, प्रत्येकावर छोटा दिवा. त्यांतल्या बऱ्याच स्टुग. काका मला एकेकापाशी घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता. आवडीच्या गोष्टीबद्दल बोलताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा चढायचा. “ही बघ, बाजूला जाळीचे पत्रे लावलेत. आणि तोफेच्या मुळाशी हे पोलादी बोंड दिसतंय? जर्मन सैनिक त्याला डुकराचं डोकं म्हणायचे. म्हणजे ही शेवटच्या काळातली.” मी एकेक बघत गेले. सगळ्या गाड्या डावीकडून उजवीकडे. सगळ्या तोफा पेटलेल्या. आकाश केशरी. एकाही चित्रात वाळत घातलेले कपडे नव्हते. जळत्या गावांत कधी कोणी राहत होतं, असं वाटतच नव्हतं.

“कोणतं आवडलं?” काकांनी विचारलं.

मी एका कोपऱ्यातल्या चित्राकडे बोट दाखवलं. त्यात गाडी थांबलेली होती आणि एक माणूस साखळीचा पट्टा दुरुस्त करत होता.

“ते? ते मला कोणीतरी भेट दिलेलं.”

जेवायला भरली वांगी आणि भाकरी होती. काकूंनी टोपलीवरचं फडकं काढलं आणि मुद्दाम माझ्याकडे बघून विचारलं, “तू सांग गं. हातची की विकतची?”

“हातची,” मी म्हणाले. “कडा सारख्या नाहीत. आणि मधे बोटं उमटलीत.”

“बघा!” काकू नवऱ्याला म्हणाल्या. “पोरीला कळतं.”

सगळे हसले. काकाही हसले. मग जेवण झाल्यावर ते मामाला गॅलरीत घेऊन गेले. काचेचं सरकतं दार नीट लागलं नव्हतं.

“शिरीष, मला तुला आधी सांगायचं होतं. उद्याच्या भाषणात मी ते चित्र उदाहरण म्हणून दाखवणार आहे. खरं आणि खोटं कसं ओळखायचं त्यासाठी. नाव घेणार नाही. मुलगी लहान आहे. पण चित्र उतरवावं लागेल.”

“साहेब, ती काढते हो. ती एवढीशी होती तेव्हापासून बघतोय मी.”

“काढत असेल. हे नाही काढलेलं.”

मामानं कठड्यावर हात ठेवला. पाठमोरा असला तरी मला तो एकदम म्हातारा दिसला.

माझ्या जिभेवर सगळं वाक्य तयार होतं. कपोला चुकीच्या बाजूला नाही, चित्र चुकीच्या बाजूला आहे. पण हुदाला दिवस दिला होता. आणि खरं म्हणजे हुदा नसती तरी मी बोलले असते का, ते मला माहीत नाही.

परतीच्या वाटेवर शारजाच्या अलीकडे गाड्या नेहमीप्रमाणे तुंबल्या. मागच्या सीटवर मामी आणि रेवा झोपल्या होत्या. मामानं पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत विचारलं, “तूच काढलंस ना गं?”

“हो.”

“बस्स,” तो म्हणाला. “झालं तर मग.”

पण त्यानं विचारलं होतं. मी खिडकीकडे तोंड केलं. पुढे कुठेतरी रस्ता मोकळा झाला असणार. आमची रांग मात्र तशीच उभी होती.

रविवार

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. दुपारी कर्णिककाकांचं बोलणं होतं. खुर्च्या भरलेल्या. कंदुरा हा अरबी पांढरा झगा घातलेले दोन तरुण पहिल्या रांगेत, त्यांच्या मांडीवर मॉडेलचे डबे. मागे केरळचे, पाकिस्तानचे, फिलिपिन्सचे सभासद. काका हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलत होते, आणि छान बोलत होते. पडद्यावर चित्रं बदलत होती. ती बदलायचं काम हुदाकडे होतं.

मी सकाळपासून तिच्या टेबलाकडे बघत होते. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तिनं सांगितलं नाही हे मला कळलं होतं. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर मीही मनाकिशच खात बसले असते.

“अब ये देखिए,” काका म्हणाले, आणि पडद्यावर माझं चित्र आलं. उलटंच.

त्यांनी कपोल्यावर लेझरचा लाल ठिपका धरला. मामा दुसऱ्या रांगेत बसला होता. त्यानं खाली बघितलं, बुटांकडे. काल संध्याकाळी त्याच माणसानं ‘बस्स’ म्हटलं होतं आणि पुढे एक शब्द विचारला नव्हता. मामी मात्र पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

मी उठले. मधल्या वाटेनं चालताना माझ्या बुटांचा आवाज फार मोठा येत होता. मी व्यासपीठाकडे गेले नाही. हुदाच्या टेबलाशी गेले आणि उभी राहिले. मी फक्त हात उताणा धरला आणि पालथा केला, पान उलटतात तसा.

हुदानं माझ्या हाताकडे पाहिलं. मग ती आयोजकांकडे बघून मोठ्यानं म्हणाली, “हे मी केलंय. तिनं नाही. मी उलटं केलं, मजकुरासाठी,” आणि तिनं कळ दाबली.

पडद्यावरची तोफगाडी वळली. खरोखरच वळली, अख्खी. कपोला गाडीच्या डाव्या अंगाला आला, जळतं गाव उजवीकडे गेलं. मागच्या रांगेतून कोणीतरी “या सलाम!” अशी दाद दिली आणि काही जण हसले. मी फोन काढून नाशिकला टेबलावर ठेवलेल्या अर्धवट चित्राचा फोटो हुदाच्या हातात दिला. शेजारी रंगाची वाटी आणि आईची कात्री असलेला. तोही तिनं पडद्यावर टाकला.

कर्णिककाकांनी माईक खाली ठेवला, ते सरळ मामाजवळ गेले आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. काय बोलले ते ऐकू आलं नाही. मामानं मान हलवली, पुन्हा पुन्हा. लोक टाळ्या वाजवू लागले. काकूंनी सगळ्यात आधी सुरू केल्या. मला वाटलं, झालं. आता आपल्या खुर्चीवर जाऊन बसता येईल.

पण काका आनंदले होते आणि त्यांना राहवेना. ते परत माईकशी आले. “क्या पेंटिंग है! सही कपोला, सही तोप. देखो, गाँव को जलाकर कैसे आगे बढ़ रहे हैं! और मजे की बात, अभी ये राइट से लेफ्ट जा रही है, तो अरबी पढ़नेवालों को भी यही दिखेगा.” मग माझ्याकडे वळून, खास माझ्यासाठी मराठीत, “शाब्बास बाळ. नावसुद्धा अगदी चपखल दिलंस. हल्ला!”

लाल ठिपका झोपलेल्या सैनिकावरून, किटलीवरून, कडक झालेल्या कपड्यांवरून सरकत गेला आणि कुठेच थांबला नाही.

मी खुर्चीकडे निघून अर्ध्या वाटेत होते. मान वळवून हसले असते तर चाललं असतं. सगळे तेच समजून खुश होते, मामाचं नाव राखलं गेलं होतं, आणि संध्याकाळी आम्हाला लुकैमात, खजुराच्या पाकातली गोड भजी, खायला जायचं होतं. रेवा फोन वर धरून माझा व्हिडिओ काढत होती. तिनं पापड मोडताना विचारलेला प्रश्न मला आठवला.

मी वळले. नुसती मान नाही, सगळीच.

“काका,” मी म्हणाले. माईक नव्हता, तरी आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला असावा, कारण कंदुरावाल्या मुलांनीही माना वळवल्या. “हा हल्ला नाही. नाव मी दिलेलं नाही. ते हरलेत, आणि परत चाललेत.”